नागपुरात रविवारी दुकानं उघडी असावीत का? लोकांना खरंच काय वाटतं?

तुमचा भाऊ जर्मनीत आहे, तिथे रविवारी बेकरी, पेट्रोल पंप आणि स्टेशनवरची दुकानं सोडली तर बाजार बंद असतो, आणि तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग नागपुरात रविवारी काम करण्याबद्दल आणि खरेदी करण्याबद्दल लोकांचं मत काय, आणि आपल्याकडेही तसा कायदा हवा का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी एकोणीस वर्षं साड्यांच्या धंद्यात नोकरी करतोय. सहा वर्षं गांधीबागेत ठोकच्या दुकानात, नंतर नऊ वर्षं बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, चिल्लरमध्ये, मग दोन वर्षं एका मॉलमधल्या शोरूमला, आणि आता दोन वर्षांपासून परत ठोकमध्ये, इतवारीला. रविवारी सुट्टी असलेली नोकरी केली, नसलेली केली, आणि 'बघू, ऐन वेळी सांगतो' म्हणणारीही केली. त्यामुळे काउंटरच्या आतून जे दिसलं ते सांगतो.

दुकान रविवारी उघडं हवं आणि आपल्याला मात्र रविवारी सुट्टी हवी, असं नागपूरकराचं मत आहे. आणि ही दोन वेगळ्या माणसांची मतं नाहीत, एकाच माणसाची आहेत.

दिवाळीच्या आधीचा एक रविवार मला चांगला आठवतो. रात्रीचे सव्वानऊ झाले होते. बर्डीच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दुकानात गादीवर एक कुटुंब येऊन बसलं. साहेब सरकारी नोकरीत. बोलता बोलता त्यांनीच सांगितलं की 2020 च्या फेब्रुवारीपासून राज्य सरकारचा पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हापासून फार बरं झालंय, शनिवारी घरची कामं उरकतात आणि रविवार मोकळा मिळतो. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला आज पण सुट्टी नसते का हो? रविवारी तरी बंद ठेवायला पाहिजे दुकानं. माणसंच आहात ना तुम्ही पण." अगदी मनापासून बोलले. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "ती मोरपंखी अजून एकदा उघडा ना भाऊ, उजेडात पाहू द्या."

मला राग आला नाही. गंमत वाटली, एवढंच.

साडी उघडणं म्हणजे काय, ते गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही. एक साडी उघडली की ती परत तिच्याच घडीवर बसवावी लागते. घडी चुकली तर दुसऱ्या दिवशी ती साडी नवी असून जुनी दिसते, आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "वापरलेली तर नाही ना?" म्हणून दोघं लागतात. एकानं पदराकडून धरायचं, दुसऱ्यानं दुसरं टोक, काठाला काठ लावायचा, मधला फुगा हातानं बसवायचा, मग पुठ्ठा, मग पिशवी. त्या रात्री त्या कुटुंबाने बत्तीस उघडल्या आणि दोन घेतल्या. शटर दहाला खाली आलं, आणि आम्ही आत ट्यूबलाइटखाली अकरा वाजेपर्यंत घड्या घालत होतो. रविवारचं काम म्हणतात ते हे. लोकांना शटर उघडण्याची आणि पडण्याची वेळ तेवढी माहीत असते.

आता थोडं इतिहासात जातो. आपल्या शहरात बाजाराचे वार वस्त्यांच्या नावांतच आहेत. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. ज्या वारी जिथे बाजार भरायचा, ते त्या वस्तीचं नाव झालं. म्हणजे इतवारी ही रविवारच्या बाजाराची जागा. माझी आजी रविवारला आयतवार म्हणायची, आणि तिच्या लेखी आयतवार हा बाजारहाटाचा दिवस होता, आरामाचा नव्हता. आज तीच इतवारी, निदान ठोकची, रविवारी बंद असते. किराणा ओलीत, सराफा ओलीत (ओली म्हणजे आमच्याकडे बाजाराची गल्ली) रविवारी सकाळी गेलात तर कुत्री आडवी झोपलेली दिसतात आणि पोरं क्रिकेट खेळतात. याच्यामागे धर्म वगैरे काही नाही. रविवारी बँक बंद, आणि गावोगावचा चिल्लर दुकानदार त्या दिवशी स्वतःच्याच गल्ल्यावर बसलेला असतो. मग ठोकवाल्यानं कोणासाठी उघडायचं?

रविवारच्या सुट्टीबद्दल दरवर्षी 10 जूनला व्हॉट्सॲपवर नारायण मेघाजी लोखंडे यांचा फोटो फिरतो, तुम्हालाही आला असेल. तो निरोप बराचसा खरा आहे. सरकारी कचेऱ्यांना रविवार इंग्रजांबरोबर आपोआप मिळाला, गिरणी कामगाराला मात्र भांडून घ्यावा लागला. लोखंडे सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु'चे संपादक. 1884 मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या, त्यात आठवड्याची सुट्टी होती, आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी मालकांनी रविवार मान्य केला. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. मला त्यातला एक मुद्दा फार आवडतो. रविवार हा ख्रिस्ती लोकांचा वार, आपल्याला तो कशाला, असं कोणी म्हणू नये म्हणून लोखंड्यांनी सांगितलं की रविवार हा आपल्या खंडोबाचा वार आहे. काय पण जागा शोधली माणसानं!

माझे बाबा एम्प्रेस या कापड मिलमध्ये होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली मिल. आमच्या लहानपणी रविवार कानाला कळायचा, कारण सकाळी भोंगा वाजायचा नाही. बाबा त्या दिवशी सायकल उलटी करून चेन साफ करायचे आणि आई मटणाला वाटण वाटायची. मिल 2002 मध्ये बंद पडली. गांधीसागराजवळच्या त्या जागेवर आता मॉल आहे, नाव एम्प्रेसचंच. बाबांना मी एकदा तिथे घेऊन गेलो, आणि तो दिवस नेमका रविवार होता. सरकत्या जिन्यावर चढायला ते घाबरत होते, म्हणून खालीच बाकावर बसले. बराच वेळ गर्दीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "रविवारी इतके लोक? आमच्या वेळी रविवारी इथं एकटा चौकीदार राहायचा."

आता कायद्याचं. बऱ्याच लोकांना अजून वाटतं की दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावंच लागतं. पूर्वी तसं होतं. 1948 च्या दुकाने कायद्यात आठवड्यातून एक दिवस बंद पाळावा लागायचा, आणि गुमास्त्यावर, म्हणजे दुकानाच्या परवान्यावर, तो वार लिहिलेला असायचा. बंदच्या दिवशी अर्धं शटर टाकून आत गिऱ्हाईक करायचं आणि निरीक्षक दिसला की पूर्ण खाली ओढायचं, हा खेळ मी गांधीबागेत असताना पाहिलाय. 2017 चा नवा कायदा आला आणि दुकान वर्षाचे 365 दिवस उघडं ठेवायची मोकळीक मिळाली. पण त्याच कायद्यात कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुट्टी आहे, आणि ती नाकारली तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यायची आहे. म्हणजे सुट्टी दुकानाची राहिली नाही, माणसाची झाली. ऐकायला छान वाटतं. पण ती कोणत्या वारी हे कायदा सांगत नाही, आणि कायदा आला तेव्हा तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. बर्डीवरच्या किती दुकानांत दहा माणसं असतात, मोजून पाहा.

मॉलमधल्या माझ्या नोकरीत मुलाखतीलाच सांगितलं होतं की शनिवार-रविवार ऑफ मागायचा नाही. त्याबद्दल तक्रार नाही, सांगून घेतलं होतं. तक्रार बदली सुट्टीची. ती रजिस्टरमध्ये लिहिली जायची, आम्ही सही करायचो, आणि मिळायची मात्र नाही. दोन वर्षांत माझ्या नावावर अकरा जमा झाल्या होत्या. नोकरी सोडताना विचारलं तर म्हणाले, "त्या लॅप्स झाल्या."

बर्डीवर सुट्टी मंगळवारी असायची, आणि ती नियमानं मिळायची, हे कबूल करतो. मंगळवारच्या सुट्टीचा फायदाही असतो. मेडिकलची ओपीडी सुरू असते, बँक, तहसील, गॅस एजन्सी सगळं उघडं असतं. उमरेडकडून येणाऱ्या माझ्या एका सोबत्याला तर रविवार नकोच होता. "रविवारी घरी राहून काय करू, बायको कामाला लावते," म्हणायचा. तेव्हा दुकानातल्या प्रत्येकाला रविवार हवा असतो असं समजू नका. पण बाकीच्यांची गोष्ट अशी की मंगळवारी घरात कोणी नसतं. पोरगी शाळेत, बायको तिच्या कामावर. मी, टीव्ही आणि सकाळची भाजी. आपल्याकडे मुलगी बघण्याचा कार्यक्रम, साखरपुडा, वास्तुपूजन, सगळं रविवारी धरतात. नऊ वर्षांत मी नात्यातल्या कितीतरी लग्नांत रात्री साडेदहाला पोहोचलो, वाढपी ताटं गोळा करत असताना. मामेबहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत नाही. ती अजून ऐकवते, "दादा आलाच नव्हता." आलो होतो, आइस्क्रीम संपलं होतं.

सेठजींची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल मालक म्हणजे खलनायक. बर्डीच्या आमच्या दुकानात रविवारचा गल्ला बाकीच्या दोन-अडीच दिवसांएवढा व्हायचा. बाहेर फूटपाथवर हॉकर्स असतात, त्यांना ना भाडं ना वीजबिल. मॉल उघडा, मोबाइलवर साडी रात्री बारालाही विकत मिळते. अशात एकट्यानं शटर पाडायचं म्हणजे गिऱ्हाईक समोरच्याच्या हातात देणं. आणि सेठजी स्वतः सातही दिवस गादीवर असायचे, बायपासनंतर तिसऱ्या आठवड्यात परत आले होते. 2021 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरोनामुळे शनिवार-रविवार बाजार बंद होता, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी आणि सोमवारी आमच्याकडे झुंबड उडायची. मी म्हटलं, "पाहा सेठजी, गिऱ्हाईक कुठं जात नाही, दिवस बदलून येतं." ते म्हणाले, "सगळे बंद होते म्हणून आलं बेटा. मी एकटाच बंद असतो तर आलं असतं का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एकदा आम्ही मधला मार्ग काढून पाहिला. दुकानात आठ माणसं. दर रविवारी दोघांना सुट्टी, म्हणजे प्रत्येकाला महिन्यातून एक रविवार, आणि त्या आठवड्यात त्यानं मंगळवारी यायचं, माल लावायला. दिवाळी आणि लगीनसराई सोडून. सेठजी हो म्हणाले. मी स्वतः पट्टी-पेन घेऊन तक्ता आखला आणि काउंटरच्या मागे चिकटवला. पहिले दोन महिने मस्त चाललं. माझ्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं फुटाळा तलावावर जाऊन भुट्टा खाऊन आलो, एवढंच, पण पोरगी आठवडाभर वर्गात सांगत होती. तिसऱ्या महिन्यात एका पोरानं आपला रविवार दुसऱ्याला तीनशे रुपयांत विकला. त्याच्या खोलीचं भाडं थकलं होतं, आणि रविवारी विक्रीवर इन्सेंटिव्हही जास्त सुटायचा. मग दुसऱ्यानं विकला. चौथ्या महिन्यात लगीनसराई लागली आणि तक्ता थांबला. सेठजींनी तो काढला नाही. तिथेच पिवळा पडला. मला वाटायचं मालकानं रविवार द्यायला पाहिजे. पगार एवढा कमी असेल तर दिलेला रविवारही माणूस विकून टाकतो, हे मला तेव्हा कळलं.

आणि या चर्चेत जिचं नावच निघत नाही ती म्हणजे घरकाम करणारी बाई. आमच्या ओळीत येणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, रविवारी सुट्टी का घेत नाही? त्या हसल्या. "रविवारी कोण देते भाऊ? रविवारी तं सगळे घरी राह्यतात, पाव्हणे येतात, मटनाचे तेलकट भांडे डबल राह्यतात. म्हणतात, मंगळवारी घे ना." दुकानातला रविवार बंद करा म्हणणाऱ्या कितीतरी घरांत हेच चालतं. आमच्याही घरी चालायचं, खोटं कशाला बोलू.

धर्माचं म्हणाल तर सदरकडच्या चर्चमध्ये रविवारची प्रार्थना असते, आणि अनेक वस्त्यांमधल्या बुद्धविहारांत रविवारी सकाळी वंदनेला लोक जमतात, त्यांच्यासाठी रविवारला वेगळा अर्थ आहे. मोमिनपुऱ्यात मोठा वार शुक्रवार. सगळ्यांचा मिळून एक पवित्र वार असा नागपुरात नाही, म्हणून धर्माच्या नावानं रविवार बंद करा अशी मागणी इथे मी तरी ऐकली नाही.

जर्मनीचं तुम्ही विचारलंत म्हणून शोधून वाचलं. तिथे रविवारचं संरक्षण थेट राज्यघटनेत आहे, 1919 च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेनं तसंच उचललंय. शंभर वर्षांची सवय आहे ती, शनिवारीच दूध-ब्रेड भरून ठेवायची. पण सवय नसलेल्या ठिकाणी काय होतं ते हंगेरीत दिसलं. मार्च 2015 मध्ये त्यांनी रविवारी बहुतेक दुकानं बंद करायला लावली, लोक इतके वैतागले की एप्रिल 2016 मध्ये सरकारनंच तो कायदा मागे घेतला. पोलंडनं मात्र 2018 पासून टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि टिकवली. मला सगळ्यात पटलं ते इंग्लंडचं. 1994 पासून तिथे मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी ठेवता येतात, लहान दुकानांना बंधन नाही, आणि दुकानातल्या कामगाराला लेखी नोटीस देऊन रविवारचं काम नाकारता येतं. फक्त रविवारसाठीच ठेवलेला माणूस सोडून.

तर सक्तीनं बंद करा असं मी म्हणणार नाही. नागपुरात ते हंगेरीसारखंच होईल, आणि पहिली ओरड मॉलवाल्यांची नसेल, फक्त रविवारीच हातात पैसा आणि वेळ असणाऱ्या मजुराची असेल. मला हवं आहे ते एवढंच की महिन्यातून दोन रविवार मागता यावेत, मागितले म्हणून नोकरी जाऊ नये, आणि ते विकावे लागू नयेत इतका पगार असावा. गुमास्त्यात वार लिहायचे तसं माणसागणिक रविवार लिहायची सोय करायला काही फार अवघड नाही.

मी स्वतः काय केलं ते सांगतो. इतवारीतल्या आत्ताच्या नोकरीत मॉलपेक्षा महिन्याला अडीच हजार कमी मिळतात. रविवार मिळतो. घरी हिशेब मांडला तेव्हा बायको आधी गप्प बसली, मग म्हणाली, "ट्यूशनचं मी बघते, तुम्ही जा तिथं."

आणि आता रविवारी आम्ही काय करतो? बर्डीवर जातो. मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला माझ्याच जुन्या दुकानात गेलो. बायको गादीवर बसली, माझा जुना जोडीदार समोर. मी हळूच म्हटलं, सगळ्या उघडायला लावू नको. तिनं ऐकलं नाही, आणि लग्नाची खरेदी म्हटल्यावर ऐकणारही नव्हती. नऊ वाजून गेले. मग तीच त्याला म्हणाली, "भाऊजी, तुम्हाला आज पण सुट्टी नाही का?" त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मंगळवारी राह्यते ना वहिनी."

मी चपला काढून गादीवर चढलो आणि साडीचं दुसरं टोक धरलं. सोळा घड्या घातल्या आम्ही दोघांनी. सेठजी गल्ल्यावरून पाहत होते, काही बोलले नाहीत. बिलात दहा टक्के कमी केले.